शस्त्रकर्मानंतरची गाय : पुणे परिसराच्या पशुवैद्यकीय इतिहासातील एक दुर्लक्षित अंग

१

पशुवैद्यकाचा इतिहास सामान्यतः साथींच्या अनुरोधाने लिहिला जातो. कोणत्या वर्षी कोणता रोग कोठून आला, किती मुलुख त्याने उजाड केला, त्याचा जंतू कोणी ओळखला आणि त्यावरील लस कोणत्या प्रयोगशाळेत सिद्ध झाली, ह्या प्रश्नांची उत्तरे देत हा इतिहास पुढे सरकतो. त्यात रोग हा बाहेरून चालून आलेला शत्रू असतो आणि विद्येचा सारा प्रवास त्या शत्रूवरील विजयाच्या दिशेने होत असतो. भारतातील पशुवैद्यकाच्या बाबतीत हे चित्र पुष्कळ अंशी खरेही आहे. आणि त्यात पुणे शहराला मानाचे स्थान आहे.

परंतु दुभत्या जनावराच्या व्याधींचा आणखी एक इतिहास आहे. त्यात शत्रू बाहेरून येत नाही. गाईच्या अंगी किती अन्न लागते आणि तिच्या कासेतून किती दूध बाहेर पडते, ह्यांचा मेळ बिघडला म्हणजे हा रोग उत्पन्न होतो. ह्या दुसऱ्या इतिहासाचे स्वरूप सर्वांत स्पष्ट दिसते ते पोटावर शस्त्रकर्म झालेल्या गाईच्या बाबतीत. शस्त्रकर्म काही घटकांत संपते, टाके दहा-पंधरा दिवसांत निघतात. पण गाय बरी झाली असे केव्हा म्हणावयाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर जखमेच्या व्रणात सापडत नाही. ते तिच्या रवंथात, शेणात, रक्तात आणि दुधात शोधावे लागते.

ह्या विषयाची साधने दोन ठिकाणी विभागलेली आहेत. शस्त्रकर्माची नोंद पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वहीत होते. तीत रोगाचे निदान, औषधे आणि दिनांक असतो, आणि टाके काढल्याबरोबर ती नोंद सहसा संपते. पुढची हकीकत दुसऱ्याच कागदावर उतरते. तो कागद म्हणजे दूध संकलन केंद्रावर मिळणारे पुस्तक किंवा चिठ्ठी. किती लिटर, किती फॅट, किती एसएनएफ, एवढेच तीत लिहिलेले असते. तथापि गाय सावरली की खचली ह्याची साक्ष देणारा तोच खरा दस्तऐवज होय. पहिल्या वहीचा इतिहास आजवर बराच लिहिला गेला आहे. दुसऱ्या पुस्तकाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले गेलेले नाही. ही दोन्ही साधने एकत्र वाचल्याखेरीज दुभत्या गाईच्या उपचारांचा इतिहास पुरा होत नाही, हे येथे दाखवावयाचे आहे.

२

प्रथम पुण्याच्या मानाच्या स्थानाविषयी. १८६२ मध्ये पुण्यास लष्करी पशुवैद्यकाची शाळा स्थापन झाली. भारतातील ह्या विषयाच्या अगदी आरंभीच्या शिक्षणसंस्थांत तिची गणना होते. तिचा हेतू लष्कराच्या जनावरांपुरता, मुख्यतः घोड्यांपुरता होता. गाईम्हशींचा विचार तीत गौण होता. तो विचार पुढे आणला तो बुळकांडीच्या साथींनी. ह्या साथींची चौकशी करण्यासाठी जे. एच. बी. हॅलन ह्या लष्करी पशुवैद्याच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला आणि १८७१ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली आणि डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख झाले. भरवस्तीच्या उष्ण प्रदेशात अत्यंत संसर्गजन्य द्रव्ये हाताळणे योग्य नव्हते. म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आज इज्जतनगर येथे असलेल्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचा उगम तो हाच.

ह्या परंपरेचे फळ मोठे आहे. मुक्तेश्वर येथे जे. टी. एडवर्ड्स ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात शेळ्यांच्या शरीरातून संक्रमित करून सौम्य केलेल्या विषाणूची लस सिद्ध केली. १९५४ मध्ये राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. भारतातील अखेरचा रोगी १९९५ मध्ये आढळला आणि २०११ मध्ये हा रोग साऱ्या पृथ्वीवरून नष्ट झाल्याची घोषणा झाली. मानवाने समूळ नाहीसा केलेला देवीनंतरचा हा दुसराच रोग होय.

ह्या कालखंडाचे ठसे भाषेतही उमटलेले आहेत. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत ही नावे गोठ्यात जन्मली. बुळकांडीत जुलाबाचा निर्देश आहे, घटसर्पात गळ्याच्या सुजेचा, फऱ्यात मांडीच्या वा खांद्याच्या फऱ्याचा आणि लाळ्या-खुरकुतीत लाळेचा व खुरांचा. चारही नावे डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवरून पडलेली आहेत. जंतुशास्त्राने त्यांची कारणे शोधली, पण नावे बदलण्याची गरज त्यास भासली नाही. कारण नाव आणि कारण ही दोन्ही एकाच रोगाकडे बोट दाखवीत होती.

आता दुसऱ्या वर्गाची नावे पाहावी. दुग्धज्वर, कितनबाधा, चयापचयाचे विकार. ही नावे ग्रंथात जन्मली आणि तेथून गोठ्यात आली. पैकी दुग्धज्वर हे नाव तर उघडच दिशाभूल करणारे आहे. इंग्रजी नावाचे ते शब्दशः भाषांतर असून ह्या विकारात ज्वर मुळीच नसतो. उलट गाईचे अंग गार पडते आणि कानाची मुळे थंड लागतात. कितनबाधेला लोकभाषेत स्वतंत्र नाव नाही, ह्याचे कारणही विचार करण्याजोगे आहे. जो विकार अल्प दुधाच्या देशी गाईंत क्वचितच उद्भवतो त्यास नाव देण्याचा प्रसंग गोठ्यावर येत नाही. नाव नसणे हाही येथे एक ऐतिहासिक पुरावाच ठरतो.

३

गाईच्या पोटाची रचना ध्यानात घेतल्यावाचून पुढील विवेचन समजावयाचे नाही. तिच्या जठराचे चार कप्पे असतात : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि चौथे, ज्यास खरे पोट म्हणतात. कोठीपोट हे शंभर लिटरांहून अधिक सामावून घेणारे आंबवणाचे पात्र आहे. गाय कडबा किंवा गवत खाते असे आपण म्हणतो. वस्तुतः ती कडबा सूक्ष्म जीवांना खाऊ घालते आणि त्यांनी तयार केलेल्या पदार्थांवर स्वतः जगते. ह्या कोठीपोटात सजीव प्राणी आहेत, हे ग्रुबी आणि डेलाफाँ ह्यांनी १८४३ मध्ये पॅरिस येथे दाखविले. त्यांच्या आंबविण्याने उत्पन्न होणारी आम्ले कोठीपोटाच्या भिंतीतून थेट रक्तात जातात, हे १९४४ मध्ये बारक्रॉफ्ट, मॅकअ‍ॅनली व फिलिप्सन ह्यांनी केंब्रिज येथे सिद्ध केले. दोन्ही शोधांत शंभर वर्षांचे अंतर आहे. गाईच्या पोटाकडे पाहण्याची दृष्टी किती सावकाश बदलली ह्याचे ते द्योतक आहे.

ह्या रचनेचा एक परिणाम विशेष महत्त्वाचा आहे. माणसाला अन्नातून साखर मिळते. गाईला आतड्यातून साखर फारशी मिळत नाही. आंबवणातून निघालेल्या प्रोपिऑनिक आम्लापासून तिचे यकृत ती अहोरात्र घडवीत असते. आणि दुधाला तर साखर हवीच, कारण दुधातील शर्करा रक्तातील साखरेपासूनच बनते. एक लिटर दुधामागे सुमारे ७२ ग्रॅम साखर खर्ची पडते असे मानले जाते. म्हणजे वीस लिटर दूध देणारी गाय दररोज जवळजवळ दीड किलो साखर केवळ दुधासाठी घडविते. दोन-तीन लिटरांच्या गाईला हा भार जाणवतही नाही.

संस्कृत ‘रोमन्थ’ ह्या शब्दापासून मराठीत ‘रवंथ’ आला. निरोगी गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते. जुन्या पशुपालकाने जनावराच्या प्रकृतीची कसोटी म्हणून रवंथाचीच निवड केली होती, आणि आधुनिक शरीरशास्त्राने ती कसोटी खोटी ठरविली नाही. रवंथ थांबला म्हणजे आंबवण मंदावले, आंबवण मंदावले म्हणजे आम्ले आटली आणि आम्ले आटली म्हणजे यकृताची साखर घडविण्याची सामग्री संपली, ही साखळी आता ठाऊक झाली आहे. गवळ्याला तिचे पहिले आणि अखेरचे टोक पूर्वीच ठाऊक होते.

४

गाईच्या पोटात शस्त्र घालण्याची कल्पना नवी नाही. पोटफुगीने गाय गुदमरू लागली म्हणजे डाव्या भकाळीत अणकुचीदार नळी खुपसून वायू सोडण्याचा उपाय पुष्कळ जुना आहे. पण पोट उघडून, कोठीपोटात हात घालून, आतील वस्तू काढून ते पुन्हा शिवणे ही गोष्ट निराळी. स्थानिक बधिरीकरण, निर्जंतुक हत्यारे आणि पुढे प्रतिजैविके ही तिन्ही हाती आल्यावरच ते शस्त्रकर्म नित्याचे झाले. जर्मनीतील हानोव्हर येथील गोएट्से ह्यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात ह्या शस्त्रकर्माची पद्धत निश्चित केली, आणि तिचे मुख्य स्वरूप आजही टिकून आहे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय परळ येथे १८८६ मध्ये स्थापन झाले होते. पश्चिम भारतातील शल्यकर्माचे शिक्षण पुढे दीर्घकाळ तेथूनच पसरले. पुण्याच्या दक्षिणेस, सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे १९८८ मध्ये दुसरे महाविद्यालय निघाल्यावर ह्या परिसरातील पशुपालकाला अवघड रोगी नेण्याचे ठिकाण जवळ आले.

ह्या शस्त्रकर्माची एक विशेषता सांगितली पाहिजे. ते बहुधा गाय उभी असतानाच केले जाते. डाव्या भकाळीचा भाग बधिर करतात, कातडी, स्नायू आणि उदरवेष्टन क्रमाने छेदतात आणि कोठीपोटाची भिंत बाहेर ओढून जखमेच्या कडेला बांधतात, म्हणजे आतील द्रव उदरपोकळीत सांडत नाही. गाय जागी असते. कित्येकदा टाके पडत असताना ती समोरच्या वैरणीकडे तोंड नेते. पाहणाऱ्यास ह्यामुळे शस्त्रकर्म सोपे वाटते. परंतु गाय उभी आहे म्हणजे तिच्या अंतरंगातील उलाढाल सुरळीत चालली आहे असे नव्हे.

अशा शस्त्रकर्माचे प्रसंग पूर्वी मुख्यतः एकाच कारणाने येत. गाय ओठांनी निवडून खात नाही. जिभेने ओढून गिळते. पेंडीतून, कडब्यातून किंवा उकिरड्यावरून खिळा, तार वा सुई पोटात गेली म्हणजे ती जाळीपोटात जाऊन बसते. जाळीपोट आणि हृदय ह्यांच्यामध्ये केवळ श्वासपटलाचा पडदा असल्याने ती तार कधी कधी हृदयावरणापर्यंत पोहोचते. येथे रोगाचे कारण अद्यापि बाहेरचेच आहे, फक्त जंतूच्या जागी खिळा आला आहे. कारण काढले की कार्य संपले, अशी शल्यवैद्याची समजूत होणे म्हणूनच स्वाभाविक होते. ही समजूत मोडली ती गाय बदलल्यामुळे.

५

गाय कशी बदलली, ह्याचा इतिहास पुण्यापासून सुमारे तीस किलोमीटरांवरील उरुळीकांचन येथे पाहावयास मिळतो. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तेथे काही दिवस राहिले आणि निसर्गोपचार आश्रमाची स्थापना झाली. त्यांच्या मागे तेथे राहिलेल्या मणिभाई देसाई ह्यांनी (१९२०–१९९३) गीर गाईंचा उत्तम कळप सिद्ध केला. १९६७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे सर्वतोमुखी झालेले ‘बाएफ’, स्थापन झाले. गोठविलेले वीर्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेऊन होल्स्टीन-फ्रीजियन व जर्सी रक्ताच्या संकरित कालवडी निर्माण करणे, हे त्या संस्थेचे प्रमुख कार्य ठरले. ह्या सेवेबद्दल मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसेसे पारितोषिक मिळाले. संकराचे प्रयोग ह्यापूर्वीही झाले होते. लष्करी दुग्धशाळांत, पुण्यानजीकच्या पिंपरीच्या शेतावरदेखील, फ्रीजियन रक्ताची जनावरे होती. पण ते प्रयोग लष्कराच्या कुंपणात राहिले. उरुळीकांचनने संकरित गाय अल्पभूधारकाच्या दावणीला आणून बांधली.

ह्या बदलाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पावसाच्या भरवशावर दोन एकर कसणाऱ्या कुटुंबास दर दहा दिवसांनी रोख रक्कम मिळू लागली. खिल्लार किंवा गावठी गाय बैल देण्यासाठी सांभाळली जाई. संकरित गाय दुधासाठी सांभाळली जाऊ लागली. दूध संघ वाढले, संकलन केंद्रे निघाली, हिरवा मका, लसूणघास, उसाचे वाढे, सरकी पेंड आणि तयार पशुखाद्य ही गव्हाणीत आली. मात्र तिच्या शरीराचे गणितही त्याबरोबर पालटले. व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तिचे दूध झपाट्याने वाढते, पण भूक तितक्या वेगाने वाढत नाही. मधली तूट तिने अंगच्या चरबीतून भरून काढावयाची असते. ह्याच अवस्थेत दुग्धज्वर आणि कितनबाधा संभवतात. आणि ह्याच अवस्थेत चौथे पोट वायूने फुगून आपल्या जागेवरून सरकण्याचा विकारही संभवतो.

हा शेवटचा विकार ब्रिटनमधील पशुवैद्यकीय वाङ्मयात १९५० मध्ये प्रथम नीट वर्णिला गेला. पुढील काही दशकांत, भरपूर धान्य खाणाऱ्या आणि विपुल दूध देणाऱ्या युरोप-अमेरिकेतील कळपांत तो परिचयाचा झाला. १९६७ मध्ये डिर्कसेन ह्यांनी उजव्या कुशीतून वपा शिवून पोट जागच्या जागी धरून ठेवण्याची हानोव्हर पद्धत मांडली. आपल्याकडे गाईला धान्याचा खुराक तितका मिळत नसल्याने हा विकार कमी दिसतो. परंतु जेथे दूध आणि खुराक ही दोन्ही वाढली तेथे तो दिसू लागतो. ह्या विकारात काढून टाकण्यासारखा खिळा नसतो. शल्यवैद्य पोट जागेवर आणतो, पण ज्या तुटीमुळे ते सरकले ती तूट शस्त्राने भरून निघत नाही.

६

शरीराची तूट हेच रोगाचे कारण असू शकते, ही कल्पना पशुवैद्यकात कशी शिरली ह्याचा वृत्तांत बोधप्रद आहे. १८९७ मध्ये डेन्मार्कमधील कोल्डिंगचे पशुवैद्य श्मिट ह्यांनी दुग्धज्वरावर कासेत पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण भरण्याचा उपाय सांगितला. कासेत विष तयार होते, अशी त्यांची उपपत्ती होती. पुढे नुसती हवा भरल्यानेही गाई उठून उभ्या राहतात असे आढळले. उपाय बरोबर आणि उपपत्ती चूक, असा हा विलक्षण प्रकार होता. कास फुगविल्याने दूध उतरणे थांबते आणि रक्तातील चुना दुधात जावयाचा थांबतो, हे त्याचे खरे कारण. दुग्धज्वर म्हणजे रक्तातील कॅल्शियमची अकस्मात घट होय, ही उपपत्ती १९२५ मध्ये ड्रायर आणि ग्रेग ह्यांनी मांडली. शंभर मिलिलिटर रक्तद्रवात साधारणतः साडेआठ ते दहा मिलिग्रॅम असणारे कॅल्शियम निम्म्यावर आले म्हणजे गाय मान वळवून बसून राहते. येथे बाहेरून आलेला शत्रू शोधणाऱ्या विद्येला प्रथमच जमाखर्च शिकावा लागला.

मराठीत ह्या जमाखर्चाला मिळालेला शब्द समर्पक आहे. ‘चयापचय’ म्हणजे चय आणि अपचय, साठणे आणि झिजणे. दोन विरुद्ध क्रियांचा हा समास असून त्यातील कोणतेही एक पद गाळता येत नाही. शस्त्रकर्मानंतरच्या गाईची स्थिती ह्या समासाने चांगली समजते. तिचा चय अचानक थांबलेला असतो आणि अपचय चालूच असतो. शस्त्रकर्माआधी काही दिवस तिने अन्न सोडलेले असते. वेदना व ताण ह्यांमुळे झीज वाढलेली असते. आणि कास मात्र साखर मागतच असते. अशा वेळी अंगची चरबी वितळून यकृताकडे धावते. यकृताला ती सारी पचविता आली नाही म्हणजे काही भाग यकृतातच साठतो आणि काहीचे कितन पदार्थ होतात. रक्तातील बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटचे प्रमाण लिटरमागे १.२ मिलिमोलच्या वर गेले, तर वरकरणी धडधाकट दिसणारी गायही कितनबाधेच्या उंबरठ्यावर आहे असे समजतात. चौथे पोट सरकलेल्या गाईत आणखी एक भर पडते. त्या पोटातील आम्ल पुढे न सरकल्यामुळे रक्तातील क्लोराइड उतरते, आणि आहार तुटल्याने पोटॅशियमही उतरते. स्नायू दुर्बळ होतात आणि आतड्याची हालचाल मंदावते. जखम उत्तम भरत असताना गाय खंगत जाते ती ह्या कारणांनी.

म्हणूनच शस्त्रकर्मानंतरच्या उपचारांत टाक्यांच्या निगेइतकेच महत्त्व शिरेतून द्यावयाच्या साखरेला, कॅल्शियमला आणि क्षारांना आले. कोठीपोट रिकामे करावे लागले असेल तर निरोगी गाईच्या कोठीपोटातील काही लिटर द्रव आजारी गाईस पाजण्याची रीतही आहे. त्यातून द्रवाबरोबर सूक्ष्म जीवांची वसाहतच पाठविली जाते. निरोगी जनावराच्या तोंडचा रवंथ काढून आजाऱ्याला भरविण्याची चाल युरोपातील जुन्या पशुपालकांत होती. तिच्यामागचे शास्त्र पुढे कळले. प्रथम सुकी वैरण, मग हिरवा चारा आणि अखेरीस आंबोण, हा क्रमही त्याच कारणास्तव पाळावयाचा असतो. दूध लवकर वाढावे म्हणून खुराक एकदम वाढविला तर नुकतीच वसलेली वसाहत आम्लाने मरते.

ह्या साऱ्या निगेचा भार कोणावर पडतो? डॉक्टर दिवसातून एकदा येतो. गाईने रवंथ केव्हा सुरू केला, शेण पातळ आहे की घट्ट, लघवीला किंवा श्वासाला गोडसर वास येतो की काय, हे पाहणारी व्यक्ती गोठ्यातीलच असते, आणि ती बहुधा घरातील स्त्री असते. तिचे निरीक्षण दवाखान्याच्या वहीत उतरत नाही.

७

ते उतरते, पण निराळ्या रूपाने. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा भाव ठरविताना ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे प्रमाण आधारभूत धरण्याची रीत आहे. संकलन केंद्राच्या पुस्तकातील हे आकडे भावासाठी लिहिलेले असतात. परंतु शस्त्रकर्मानंतरच्या आठवड्यांत त्यांचा आणखी एक अर्थ निघतो. आरंभी काही दिवस पुस्तकात त्या गाईचे दूधच नसते. ह्याचा अर्थ ती आटली असा घेणे चूक होईल. प्रतिजैविकांचा अंश दुधात उतरत असल्याने ठराविक मुदतीपर्यंत ते दूध संकलनाला घालावयाचे नसते. त्यानंतर लिटर हळूहळू वाढू लागतात. त्याच वेळी फॅटचा आकडा एकाएकी चढला, तर पशुपालकाला आनंद होणे साहजिक आहे, कारण लिटरमागे दोन पैसे अधिक मिळतात. परंतु पुष्कळदा ती आनंदाची गोष्ट नसते. अंगची चरबी वितळून रक्तात आली म्हणजे तिचा एक भाग कासेवाटे दुधात उतरतो. दुधातील स्निग्धांश प्रथिनांच्या मानाने दीडपट किंवा त्याहून अधिक भरला तर तो कितनबाधेचा इशारा मानतात.

मराठी पशुपालकाच्या बोलीत दुधातील स्निग्धांशाला ‘फॅट’ म्हणतात आणि जनावराच्या अंगावरील स्निग्धांशाला ‘चरबी’. एक शब्द बाजारातून आला, दुसरा घरचा आहे. आणि दोन शब्द असल्यामुळे दोन वस्तू आहेत असा समज होतो. शस्त्रकर्मातून सावरणाऱ्या गाईच्या बाबतीत मात्र ही दोन्ही पुष्कळ अंशी एकच वस्तू असते. पुस्तकात जी फॅट जमेस धरली जाते तीच गाईच्या पाठीवरून खर्ची पडलेली असते. एकाच गाईचे दूध घालणाऱ्या घराचे पुस्तक ह्या दृष्टीने फार मोलाचे असते. अनेक गाईंचे दूध एकत्र झाले म्हणजे हा संकेत बुजतो.

ही दोन्ही साधने ज्या गाईच्या बाबतीत एकदमच मुकी होतात अशी एक गाय पुणे शहरात आहे. ती रस्त्यावर चरणारी गाय होय. शिळे अन्न पिशवीत बांधून टाकण्याची रीत शहरात रुळल्यापासून गाय अन्नाबरोबर पिशवीही गिळू लागली. प्लास्टिक कुजत नाही, रवंथात परत येत नाही आणि पुढेही सरकत नाही. कोठीपोटात त्याचा गोळा होतो. भारतात अशा शस्त्रकर्मांत एका गाईच्या पोटातून तीस किलोंहून अधिक प्लास्टिक निघाल्याची उदाहरणे आहेत. तिची भूक पोट भरल्यामुळे मेलेली असते आणि शरीर उपाशी असते. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालणारी अधिसूचना काढली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. शल्यवैद्य हा गोळा काढू शकतो. पण पुढील तीन आठवडे सुकी वैरण, क्षार आणि रवंथावर लक्ष ठेवणारे माणूस तिला मिळाले नाही, तर ती पुन्हा त्याच कचराकुंडीपाशी उभी राहते. पशुरक्षणाच्या १९७६ च्या कायद्याने राज्यात गाईची कत्तल वर्ज्य केलेली आहे. अर्थात जी गाय सावरली नाही तिला पोसण्याचा प्रश्न पांजरपोळाकडे, गोशाळेकडे किंवा रस्त्याकडे जातो. जीव वाचविण्याचा कायदा आणि जीव सावरण्याची व्यवस्था ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली आपण केली. दुसरी शस्त्रकर्माच्या टेबलापाशी थांबली.

८

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. पुणे परिसरातील पशुवैद्यकाने दीडशे वर्षांत दोन प्रकारचे रोग पाहिले. पहिल्याचे कारण बाहेर होते. ते प्रयोगशाळेने शोधले आणि लसीने जिंकले. दुसऱ्याचे कारण आपणच घडविलेल्या गाईच्या शरीरात आणि तिच्याकडून ठेवलेल्या अपेक्षेत आहे. त्यावर लस नाही. शस्त्रकर्माने त्याचा तातडीचा धोका टळतो, परंतु रोगमुक्ती म्हणजे चय आणि अपचय पुन्हा समतोल होणे, आणि त्यासाठी आठवडे लागतात, वैरण लागते, कोणाचे तरी जागरण लागते. उरुळीकांचनची चळवळ आणि पुण्याची प्रयोगशाळा ह्या दोहोंचा इतिहास वेगवेगळा लिहिला जातो. संकरित गाईच्या पोटावरील शस्त्रकर्म हे ते दोन्ही इतिहास जेथे मिळतात असे ठिकाण होय.

ह्यास्तव संशोधकाने दवाखान्याची वही जेथे संपते तेथे आपला शोध थांबवू नये. त्याच गावच्या संकलन केंद्राची जुनी पुस्तके, त्यांतील खंड, चढउतार आणि फॅटचे आकडे त्या वहीशेजारी मांडून पाहावे. ही पुस्तके जीर्ण होतात, घर बदलताना टाकून दिली जातात, आणि आकड्यांची नोंद यंत्रावर होऊ लागल्यापासून हाती लिहिलेली पुस्तके तर झपाट्याने नाहीशी होत आहेत. ती वेळीच गोळा झाली, तर शस्त्रकर्म यशस्वी झाले ह्या नोंदीपुढे, गाय पुन्हा किती दिवसांनी घराला उपयोगी पडली आणि त्यासाठी तिने अंगचे किती वेचले, हेही लिहिता येईल.